काढलेली गाठ आणि तिची पुढील परीक्षा

स्तनात गाठ आढळली, ती शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली, टाके सुटले आणि रुग्ण स्त्री घरी परत आली, म्हणजे बहुतेक कुटुंबांत ते प्रकरण संपले असे समजण्यात येते. देवापुढे नारळ फोडला जातो. भेटावयास येणाऱ्या बायका ‘सुटलीस बाई एकदाची’ असे म्हणून चहा घेऊन जातात. आणि दवाखान्याचे कागद कपाटातील साड्यांखाली जाऊन पडतात. वस्तुतः गाठ ज्या दिवशी शरीराबाहेर पडते त्याच दिवशी एका दुसऱ्या कामास आरंभ होतो. ती गाठ बाटलीतून प्रयोगशाळेत जाते, तेथे तिची एकामागून एक परीक्षा होते, आणि त्या स्त्रीने पुढील पाच-दहा वर्षे कोणते औषध घ्यावयाचे, अथवा कोणते मुळीच घ्यावयाचे नाही, हे त्या परीक्षांवरून ठरते. ह्या कामाची माहिती सुशिक्षित घरांतही फार थोड्यांस असते. ती नसल्यामुळे जे नुकसान होते ते डोळ्यांस दिसत नाही, आणि म्हणून त्याविषयी कोणी तक्रारही करीत नाही.

भारतात २०२२ साली सुमारे १,९२,००० स्त्रियांस स्तनाचा कर्करोग झाल्याचा व सुमारे ९८,००० स्त्रिया त्याने दगावल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. भारतातील स्त्रियांत आढळणाऱ्या कर्करोगांत ह्याचाच क्रमांक आज पहिला लागतो. हा रोग केवळ मुंबई-पुण्याच्या बायकांस होतो हा समज आता कोणी बाळगू नये.

बुलढाणा जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. गाठ काढू शकणारा शल्यवैद्य आज मोठ्या गावांतून मिळतो. परंतु काढलेल्या गाठीच्या सर्व परीक्षा करावयाच्या तर ती पुष्कळदा अकोल्यास, छत्रपती संभाजीनगरास, नागपुरास किंवा थेट मुंबईस पाठवावी लागते. मलकापूरहून मुंबई रेल्वेने जवळजवळ पाचशे किलोमीटर. म्हणजे बाई खाटेवर विश्रांती घेत असते तेव्हा तिच्या गाठीचा प्रवास चालू असतो, आणि तिचे पुढील आयुष्य पुष्कळ अंशी त्या प्रवासाच्या सुरक्षिततेवर अवलंबून असते. एखाद्या घरी मुलाच्या परीक्षेची उत्तरपत्रिका टपालात गहाळ झाली तर केवढा आकांत होतो! पण ही बाटली कोणाच्या हाती दिली, कशात बुडवून दिली आणि केव्हा पोचली, हे विचारण्याचे कोणास सुचत नाही.

महाराष्ट्रात ह्या कामाचा पाया ज्या ठिकाणी भक्कम घातला गेला ते ठिकाण म्हणजे परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढल्याच वर्षी सर दोराबजी टाटा निवर्तले. आणि त्यांच्या न्यासाने उभारलेले हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉक्टर वसंत रामजी खानोलकर ह्यांजकडे आली. १८९५ साली जन्मलेले खानोलकर लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात पारंगत होऊन आले होते, आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले होते. रोगाने बिघडलेल्या शरीरभागाचे सूक्ष्म परीक्षण करणे हेच विकृतिशास्त्राचे काम. खानोलकरांचा विशेष असा की, काचेखालच्या पेशी पाहून ते थांबत नसत. त्या पेशी ज्या माणसाच्या, तो काय खातो, काय चघळतो, काय नेसतो हेही ते विचारीत. कमरेला धोतर घट्ट आवळून नेसणाऱ्यांत त्या घर्षणाच्या जागी होणाऱ्या कातडीच्या कर्करोगावर त्यांनी व डॉक्टर सूर्याबाई ह्यांनी १९४५ साली लिहिलेला निबंध जगभर वाचला गेला. १९५५ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा जो उल्लेख होतो तो यथार्थच आहे.

तथापि १९४१ सालच्या त्या प्रयोगशाळेस स्तनाच्या गाठीविषयी दोन-तीन प्रश्नांचीच उत्तरे देता येत होती: ही गाठ कर्करोगाची आहे काय, असल्यास कोणत्या जातीची, आणि काखेपर्यंत पसरली आहे काय. त्यापुढे विचारून उपयोगही नव्हता, कारण उपाय मोजकेच होते. सुरी आणि किरण. आज उपाय अनेक झाले आहेत, म्हणून गाठीस विचारावयाचे प्रश्नही वाढले आहेत.

प्रयोगशाळेत गाठीचे काय होते ते आता क्रमाने पाहू. शरीरातून निघालेला मांसाचा तुकडा लागलीच कुजू लागतो. हे कुजणे थांबविण्यासाठी तो फॉर्मालिन नावाच्या द्रवात बुडवितात. ह्या द्रवाचा हा गुण जर्मनीतील फर्डिनंड ब्लूम ह्या वैद्यास १८९३ साली अकस्मात कळला. जंतुनाशक म्हणून तो त्याची परीक्षा करीत होता, तेव्हा स्वतःच्याच बोटांची कातडी कडक झालेली त्यास आढळली. बोट कडक होते तर मांसही होईल, असा त्याने तर्क केला, आणि आज सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जगातील बहुतेक प्रयोगशाळा त्याच द्रवावर चालल्या आहेत.

फॉर्मालिनमध्ये तुकडा निबर झाला म्हणजे विकृतिशास्त्रज्ञ तो प्रथम नुसत्या डोळ्यांनी पाहतो, मापतो, बोटांनी चाचपतो. शस्त्रक्रिया करणाऱ्याने तुकड्याच्या कडांस दोरे बांधलेले असतात. आखूड दोरा वरच्या बाजूस आणि लांब दोरा काखेच्या बाजूस, अशी पुष्कळ ठिकाणी रीत आहे. त्यावरून शरीरात हा तुकडा कसा बसला होता ते कळते. मग त्याच्या बाह्य पृष्ठास शाई लावतात. पुढे काचेखाली पाहताना कर्कपेशी ह्या शाईच्या रेघेस भिडलेल्या दिसल्या, तर सुरी रोगातूनच फिरली व काही अंश आत राहिला असण्याचा संभव आहे असे समजावयाचे. शाईपर्यंत निरोगी मांस दिसले, तर कड स्वच्छ आहे. इतकी साधी युक्ती, पण दुसरी शस्त्रक्रिया करावी की नाही ह्याचा निर्णय तिच्यावर होतो.

त्यानंतर निवडक भागांचे छोटे काप घेऊन त्यांतील पाणी मद्यार्काने काढून टाकतात आणि वितळलेल्या मेणात ते मुरवितात. मेण थिजले की तुकड्याची वडी तयार होते. हिलाच दवाखान्यात ‘ब्लॉक’ म्हणतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्राने ह्या वडीचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेव्हा कांद्याची पात किंवा शेवईचा धागा ह्यांची उपमासुद्धा येथे जाडीभरडीच ठरेल. पापुद्रा काचपट्टीवर घेऊन रंगवितात. पेशींच्या केंद्रांस जांभळा-निळा रंग देणारे हिमॅटॉक्सिलिन हे द्रव्य मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून मूळ काढण्यात आले. भोवतालच्या भागास गुलाबी रंग देणारे इओसिन हे मात्र रसायनशाळेतील अपत्य. ह्या दोन रंगांवर पहिला अहवाल लिहिला जातो.

पहिल्या अहवालाने पुष्कळ घरांतील झोप परत मिळते, हे आवर्जून सांगावयास हवे. स्तनातील सर्वच गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींत आढळणारी फायब्रोअॅडिनोमा ही गोटीसारखी सरकणारी गाठ निरुपद्रवी असते. काही स्त्रियांत गाठ क्षयाची निघते, आणि आपल्या देशात ह्या शक्यतेचा विसर पडू देऊन चालत नाही, कारण हाताला ती कर्करोगासारखीच टणक लागू शकते व तिचा उपाय अगदी निराळा असतो. उलट, ‘ही साधीच गाठ दिसते’ असे म्हणून काढलेली गाठ काचेखाली कर्करोगाची निघाल्याचीही उदाहरणे घडतात. म्हणून काढलेला तुकडा कितीही साधा दिसो, तो टाकून देणे हा शुद्ध अविचार होय. जी गाठ टाकून दिली तिची परीक्षा पुढे कोणत्याही विद्वानास करता येत नाही.

गाठ कर्करोगाची ठरल्यास तिची प्रत ठरवितात. खामगावच्या बाजारात कापसाची गाडी उभी राहिली म्हणजे पारखी व्यापारी वरच्या थरावर भुलत नाही. तो आत हात घालून मूठभर कापूस ओढतो, धागा बोटांनी ताणून पाहतो आणि मग भाव बोलतो. विकृतिशास्त्रज्ञही तसेच करतो. कर्कपेशी स्तनातील मूळ नलिकांसारखी रचना कितपत राखून आहेत, त्यांची केंद्रे कितपत बेढब झाली आहेत, आणि किती पेशी दुभंगण्याच्या अवस्थेत आहेत, ह्या तीन गोष्टींस गुण देऊन तो पहिली, दुसरी की तिसरी प्रत ते लिहितो. पहिली सौम्य, तिसरी आडदांड. येथे एक गैरसमज नेहमी होतो: अहवालात तिसरी प्रत वाचून घरची माणसे ‘तिसरी पायरी’, म्हणजे रोग फार पुढे गेला, असे समजून हातपाय गाळतात. प्रत ही पेशींच्या स्वभावाची असते. पायरी ही रोगाच्या पसाऱ्याची. गाठ लहान, काखेत काही नाही, आणि प्रत मात्र तिसरी, असे अनेकदा असते व त्यात निराश होण्यासारखे काही नसते.

काखेतील ग्रंथींचीही, ज्यांस सुजल्या असता आपल्याकडे अवधाण म्हणतात, मोजदाद होते. काखेतील चरबी पूर्ण काढली असेल तर निदान दहा ग्रंथी शोधून त्या एकेक पाहाव्यात असा दंडक आहे. अहवालात ‘चौदांपैकी दोन’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ, चौदा ग्रंथी पाहिल्या व दोहोंत रोग आढळला. हा आकडा शंभर उपदेशांहून मोलाचा आहे.

येथवरची परीक्षा थोड्याफार फरकाने खानोलकरांच्या काळीही होत असे. ह्यापुढील परीक्षा मात्र नव्या आहेत, आणि ज्या पुष्कळ रुग्णांच्या हातून निसटतात त्या ह्याच.

१८९६ साली ग्लासगो येथील जॉर्ज बीटसन ह्या शल्यवैद्याने असे प्रसिद्ध केले की, वाढलेल्या स्तनकर्करोगाच्या काही स्त्रियांची बीजकोश-ग्रंथी काढली असता स्तनातील रोग ओसरतो. स्तनातील रोगाचा आणि ओटीपोटातील ग्रंथीचा संबंध काय, हे तेव्हा कोणासच उकलले नाही. पुढे शिकागो येथे एल्वुड जेन्सन ह्यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते कोडे सोडविण्यास आरंभ केला. बीजकोशात तयार होणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तातून सर्वत्र फिरते. परंतु ज्या पेशींत त्यास धरून ठेवणारा पदार्थ असतो तेथेच ते काम करते. ह्या धरणाऱ्या पदार्थास रिसेप्टर, मराठीत ग्राहक, म्हणतात. कुलूप असेल तेथेच किल्ली चालावयाची. ज्या कर्कपेशींत हे कुलूप आहे त्या संप्रेरकावर पोसल्या जातात. त्यांची किल्ली अडविली की त्यांची उपासमार होते. टॅमॉक्सिफेन ही गोळी नेमके हेच करते. ती इंग्लंडात १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आली, आज भारतात तयार होते, आणि कर्करोगाच्या औषधांत ती अत्यंत स्वस्त औषधांपैकी एक आहे. ग्राहक असलेल्या स्त्रियांनी ती पाच वर्षे नियमाने घेतल्यास पंधरा वर्षांच्या काळात रोगाने मरण्याचा धोका सुमारे एकतृतीयांशाने कमी होतो, असे अनेक देशांतील हजारो स्त्रियांच्या एकत्रित अभ्यासाने ठरले आहे. पाळी गेलेल्या स्त्रियांस लेट्रोझोलसारख्या दुसऱ्या गोळ्याही देतात. पण ग्राहकच नसतील तर ह्या गोळ्या व्यर्थ.

हे कुलूप साध्या रंगांनी दिसत नाही. त्यासाठी प्रतिपिंडांचा उपयोग करतात. विशिष्ट पदार्थासच जाऊन चिकटणारी प्रतिपिंडे रंगाने चिन्हित करता येतात हे अल्बर्ट कून्स ह्या अमेरिकन संशोधकाने १९४१ साली दाखविले. म्हणजे परळचे रुग्णालय उघडले त्याच वर्षी. त्याच कल्पनेच्या आजच्या रूपास दवाखान्यात ‘आय.एच.सी.’ म्हणतात. मेणाच्या वडीचा नवा पापुद्रा घेऊन त्यावर ही प्रतिपिंडे सोडतात. ग्राहक असतील तेथे पेशींची केंद्रे तपकिरी होतात. शंभरांतील एक पेशी जरी तपकिरी झाली तरी गाठ इस्ट्रोजेन-ग्राही मानतात, आणि तपकिरी पेशी जितक्या अधिक तितका गोळीचा भरवसा अधिक. प्रोजेस्टेरोन ह्या दुसऱ्या संप्रेरकासाठीही अशीच परीक्षा होते.

तिसरी परीक्षा हर-२ नावाच्या प्रथिनाची. साधारण पाच गाठींपैकी एकीत हे प्रथिन पेशीच्या कडेवर अतोनात असते व ती गाठ वेगाने वाढते. पूर्वी हा निष्कर्ष म्हणजे दुर्दैव समजले जाई. १९९८ साली अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब हे औषध मान्य झाल्यापासून ते चित्र पालटले, आणि २०१४ च्या सुमारास त्याचे भारतीय बनावटीचे रूप बाजारात आल्यावर किंमतही पूर्वीपेक्षा उतरली. ह्या परीक्षेचा निकाल शून्य, एक, दोन, तीन अशा आकड्यांनी लिहितात. तीन म्हणजे हर-२ आहे. शून्य व एक म्हणजे नाही, जरी २०२२ पासून एकाचा आकडा असलेल्या काही पुढच्या अवस्थेतील रुग्णांसही एक नवे औषध उपयोगी पडू लागले आहे. दोन म्हणजे संशय. अशा वेळी पेशीतील जनुकांच्या प्रती प्रत्यक्ष मोजणारी ‘फिश’ नावाची आणखी एक परीक्षा करावी लागते. पुष्कळ कुटुंबे दोनाच्या आकड्याशीच थांबतात. संशयावर थांबणे म्हणजे निकाल न लागलेला खटला सोडून घरी येणे होय.

ह्या सर्व परीक्षा पुष्कळ ठिकाणी शस्त्रक्रियेपूर्वी जाड सुईने काढलेल्या तुकड्यावरच करतात, आणि ती पद्धत उत्तम आहे. तथापि गाठीचे खरे आकारमान, कडा व ग्रंथी ह्यांचा निर्णय संपूर्ण गाठ हाती आल्यावरच होतो. शस्त्रक्रियेपूर्वी औषधांचा मारा केलेला असेल, तर त्याने किती रोग विरला हेही काढलेल्या तुकड्यावरूनच कळते व पुढील औषध त्याप्रमाणे बदलतात.

आता नुकसान कोठे होते ते पाहिले पाहिजे. टाटा रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञांनी २००० साली ७९८ गाठींचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इस्ट्रोजेन-ग्राही गाठी सुमारे एकतृतीयांशच निघाल्या. पाश्चात्त्य देशांत हेच प्रमाण शंभरांत सत्तर ते ऐंशी असते. आणि पुढील काळातील अनेक भारतीय अभ्यासांत ते निम्म्याच्या वर गेलेले दिसते. आपल्याकडे रोग तुलनेने तरुण वयात होतो, आणि तरुणींत ग्राहक-रहित गाठी अधिक असतात, हे त्याचे एक खरे कारण आहे. परंतु तज्ज्ञांनी दुसरेही एक कारण दाखविले आहे, आणि ते लाजिरवाणे आहे: गाठ फॉर्मालिनमध्ये वेळेवर व योग्य रीतीने पडत नाही. ग्राहक हे नाजूक प्रथिन आहे. तुकडा तासन् तास उघडा राहिला तर ते नष्ट होते, आणि मग कुलूप असलेल्या गाठीवरही ‘नाही’ असा शेरा बसतो. त्या एका शेऱ्याने एका स्त्रीची पाच वर्षांची स्वस्त गोळी काढून घेतली जाते. तिला ते कधीच कळत नाही. डॉक्टरांनाही कळत नाही.

हे घडते कसे? शस्त्रक्रिया संपली की गाठ तबकात घेऊन बाहेर बसलेल्या नातेवाइकांस दाखविण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. दाखविण्यास हरकत नाही, पण तबक तेथेच राहते. कधी फॉर्मालिन संपलेले असते म्हणून तुकडा मिठाच्या पाण्यात किंवा स्पिरिटात टाकतात. कधी बाटली एवढी लहान असते की गाठ तिच्यात कोंबून बसवावी लागते व द्रव फिरण्यास जागाच उरत नाही. कधी अख्खे स्तन न कापता तसेच बुडवितात. फॉर्मालिन मांसात ताशी सुमारे एक मिलिमीटरच शिरते. मग चार सेंटिमीटरच्या गाठीच्या मध्यभागी ते पोचेपर्यंत जवळजवळ एक दिवस जातो, आणि तेवढ्यात मधला भाग कुजू लागलेला असतो. त्यातच घाटाखालच्या तालुक्यांतील वैशाख. पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला असता घरातील दूध दुपारपर्यंत नासते हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. गाठीस निराळा न्याय नाही.

नियम असा आहे की, शरीरातून निघाल्यापासून एका तासाच्या आत गाठ दहा टक्के फॉर्मालिनमध्ये पडावी. मोठी असल्यास पाव कापावा तशी, साधारण पाच मिलिमीटरच्या अंतराने, शल्यवैद्याने किंवा विकृतिशास्त्रज्ञाने ती चिरावी. द्रव तुकड्याच्या निदान दहापट असावा. आणि तुकडा त्यात सहा तासांपेक्षा कमी व बाहत्तर तासांपेक्षा अधिक राहू नये. भांडे रुंद तोंडाचे असावे, कारण मऊ असताना आत गेलेली गाठ कडक झाल्यावर अरुंद तोंडातून बाहेर येत नाही. त्यावर रुग्णाचे नाव, वय, कोणत्या बाजूचे स्तन, आणि गाठ किती वाजता काढली व किती वाजता बुडविली हे लिहावे. ही लहानशी नोंद ज्या दवाखान्यात होते तेथे बाकीचेही बहुधा नीट होत असते.

घरच्या माणसांनी हे काम स्वतः करावयाचे नाही. परंतु शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ‘गाठ तपासणीस कोठे जाणार, कशात जाणार, आणि ग्राहकांची परीक्षा होणार ना’ एवढे तीन प्रश्न नम्रपणे विचारण्यास काही हरकत नसावी. चांगला शल्यवैद्य अशा प्रश्नांनी रागावत नाही. शस्त्रक्रियेच्या खर्चाचा आकडा घासाघीस करून कमी करणारी माणसे तपासणीचा खर्च वाचविण्यासाठी ‘गाठ निघाली ना, मग पुरे’ असे म्हणतात, हे मात्र ऐकवत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. त्या योजनेतील रुग्णालय निवडल्यास पुष्कळ भार हलका होतो.

अहवालात तिन्ही परीक्षा ‘नाही’ अशा आल्या, तर आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. गाठीशेजारच्या निरोगी स्तननलिकांत ग्राहक स्वाभाविकपणेच असतात. त्या तपकिरी झाल्या असतील तर परीक्षा खरी झाली असे मानता येते. त्याही कोऱ्या राहिल्या असतील तर दोष गाठीचा नसून तुकड्याच्या जपणुकीचा असण्याचा संभव आहे, आणि दुसऱ्या वडीवर परीक्षा पुन्हा करणे योग्य. अनुभवी विकृतिशास्त्रज्ञ हे स्वतःच पाहतो. शंका असल्यास वडी व काचपट्ट्या दुसऱ्या प्रयोगशाळेस दाखविता येतात. परळच्या रुग्णालयात तर बाहेरून आलेल्या रुग्णांच्या काचपट्ट्या पुन्हा पाहण्याचा प्रघातच आहे. म्हणून मुंबईस किंवा नागपुरास निघताना केवळ टंकलिखित कागद घेऊन जाऊ नये. वडी आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेकडून मागून, मिळाल्याची सही देऊन, बरोबर न्याव्यात. त्या विसरल्यामुळे मलकापूरचा माणूस धर्मशाळेत आठ-आठ दिवस अडकून पडतो.

ह्याहीपुढे गाठीतील जनुकांची चाचणी करून रोग परतण्याचा संभव आकड्यांत सांगणाऱ्या परीक्षा निघाल्या आहेत. अमेरिकेतील एक अशी चाचणी २००४ पासून चालू आहे. दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील तिच्या अभ्यासाचा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. ग्राहक असलेल्या, हर-२ नसलेल्या व काख स्वच्छ असलेल्या पन्नाशीपुढील बहुसंख्य स्त्रियांस केमोथेरपीचा त्रास सोसण्याचे कारण नाही, असे त्यात दिसून आले. बंगळूर येथेही पाच प्रथिनांवर आधारलेली एक चाचणी निघाली आहे. ह्या परीक्षा महाग आहेत, त्या सर्वांस लागत नाहीत, आणि ग्राहकांची साधी परीक्षा नीट झाली नसताना ह्यांच्या मागे लागणे म्हणजे पाया सोडून कळसाची चिंता करणे होय.

अहवाल येण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात घरातील वातावरण फार अवघड असते. काही घरांत अहवाल आल्यावर तो पुरुषमंडळी वाचतात, आणि जिची गाठ तिला ‘सर्व ठीक आहे’ एवढेच सांगतात. दयाबुद्धीने केलेली ही गोष्ट पुढे घातक ठरते. कारण पाच वर्षे रोज गोळी घ्यावयाची ती तिनेच, आणि ‘सर्व ठीक’ असेल तर गोळी कशासाठी, असे वाटून दुसऱ्याच वर्षी ती बंद होते. गोळीने अंगाची लाही होऊ लागली म्हणजे तर बंद करण्यास निमित्तच सापडते. जी आपल्या गाठीचा स्वभाव जाणते ती डॉक्टरांस विचारून त्रासावर तोड काढते.

रोग काही वर्षांनी हाडांत किंवा यकृतात पुन्हा उद्भवलाच, तर शक्य असेल तेथे तेथील तुकडा काढून त्याचीही अशीच परीक्षा करतात. काही स्त्रियांत ग्राहक बदललेले आढळतात; पूर्वी नव्हते ते आता असतात किंवा उलट. अशा वेळी जुन्या वडीशी ताडून पाहावे लागते. मेणातील तुकडा दहा-दहा वर्षांनंतरही कापता व रंगविता येतो. ज्यांनी वडी प्रयोगशाळेतून घरी आणली असेल त्यांनी ती नावाच्या चिठ्ठीसह डबीत घालून खालच्या थंड खोलीतील कपाटात ठेवावी. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये. वऱ्हाडातील उन्हाळ्यात तेथे मेण मऊ होते.